ऑनलाइन गाळा निवडताना

गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली व ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीस गेली. दुकान व्यापाऱ्याचे होते. पण पुढे ग्राहकांच्या लक्षात राहिले ते ‘लिज्जत’ हे नाव. आज दादरच्या दोन खोल्यांत कापडी दागिने करणारी गृहिणी असो वा लालबागचा आकाशकंदील घडविणारा कारागीर, ऑनलाइन विक्रीकडे वळताना दोघांपुढेही हाच प्रश्न असतो. दुसऱ्याच्या गाळ्यात माल मांडला, तर आपले नाव आणि आपले गिऱ्हाईक आपल्याकडे राहील काय?

एकाच दारावर विसंबल्याचा परिणाम परळ-लालबागने पाहिला आहे. गिरणगावातील खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालीत. प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली त्यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्याबरोबर खानावळींचा हिशेबही कोलमडला. त्यांच्या हातची चव तीच होती, पण सारे गिऱ्हाईक एकाच भोंग्याशी बांधलेले होते.

मंचांचे तीन प्रकार

पहिला प्रकार सामाजिक माध्यमांचा. इन्स्टाग्राम, फेसबुक व व्हॉट्सअॅप बिझनेस येथे मांडणी विनामूल्य करता येते. ओळखीतून ओळख वाढते; मात्र आपली वस्तू किती जणांना दिसावी, हे मंचचालक ठरवितो.

दुसरा प्रकार ऑनलाइन बाजारांचा. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो किंवा हस्तकलांसाठी प्रसिद्ध असलेली एट्सी ही त्याची उदाहरणे. येथे गर्दी आयती मिळते. त्या बदल्यात मंचानुसार दलाली वा अन्य शुल्के द्यावी लागतात, आणि ग्राहकाचा तपशील बहुधा मंचाकडेच राहतो.

तिसरा प्रकार स्वतःच्या संकेतस्थळाचा. शॉपिफायसारखी सेवा मासिक शुल्कावर मिळते. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स मुक्तस्रोत आहे, तरी जागा, देखभाल व सुरक्षेचा खर्च येतोच. येथे नियम आपले असतात, पण गिऱ्हाईकही आपणच आणावे लागते.

मंचही बंद पडतात

जिओसिटीज २००९ साली, ऑर्कुट २०१४ साली आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस २०१९ साली बंद झाले. टिकटॉकवर भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातली. तेथे जमविलेला प्रेक्षकवर्ग अनेकांनी एका रात्रीत गमावला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी ठप्प होती. एट्सीने एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरील शुल्क ५ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेले, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी निषेध म्हणून आपली दुकाने काही दिवस बंद ठेवली. तरीही वाढ कायम राहिली. भाडे वाढविण्याचा अधिकार गाळेमालकाचा, हे येथेही विसरून चालत नाही.

हिशेब असा मांडावा

समजा, ऑनलाइन बाजार विक्रीवर एकूण १५ टक्के घेतो. स्वतःच्या संकेतस्थळाला महिना १,८०० रुपये आणि रक्कम स्वीकारण्यासाठी ३ टक्के खर्च येतो. दोहोंतील फरक १२ टक्के. म्हणजे महिन्याला १५,००० रुपयांची विक्री झाली की दोन्ही मार्ग सारखेच पडतात. त्याहून अधिक विक्री असेल, तर संकेतस्थळ स्वस्त. जाहिरातीवर खर्च करावा लागला, तर तो मात्र यात मिळवावा.

हंगामी धंद्याचे गणित निराळे. कंदील दोन महिने विकले जातात, पण संकेतस्थळाचे शुल्क बारा महिने, म्हणजे २१,६०० रुपये. याच दराने वर्षाची विक्री १ लाख ८० हजारांच्या आत असेल, तर दलालीचा मार्ग परवडतो. शाडूच्या गणेशमूर्तीला कुरिअरचा प्रवास सोसत नाही. तिच्यासाठी छायाचित्रे व नोंदणी ऑनलाइन, आणि मूर्ती कारखान्यातून हातोहात, हीच पद्धत सोयीची.

कराची बाजू

पूर्वी ऑनलाइन बाजारातून वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील उलाढालीच्या विक्रेत्यांना राज्यांतर्गत विक्रीसाठी ही अट शिथिल झाली आहे. मात्र पॅनच्या आधारे जीएसटी संकेतस्थळावर नावनोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवायचा असल्यास सर्वसाधारणपणे नोंदणी आवश्यक असते. काही अधिसूचित हस्तकलावस्तूंना सवलत आहे. आपली वस्तू त्यात बसते का, हे कर सल्लागाराकडून आधीच समजून घ्यावे.

निवडीपूर्वी पाच प्रश्न

१. ग्राहकांची यादी, छायाचित्रे व विक्रीच्या नोंदी मंचावरून उतरवून घेता येतात काय?
२. दलाली, पाठवणी, परतावा व कर वजा जाता एका वस्तूमागे हाती किती उरते?
३. पैसे किती दिवसांनी खात्यात जमा होतात?
४. खाते अकारण बंद झाल्यास दाद मागण्याची सोय कोणती?
५. परत आलेल्या किंवा फुटलेल्या मालाचा भुर्दंड कोणाच्या माथी?

प्रारंभी कोणताही एक मंच निवडण्यास हरकत नाही. पहिल्याच वर्षी तीन गोष्टी मात्र कराव्यात. व्यवसायाच्या नावाचे डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे. ‘डॉट इन’ नावे २००५ पासून सर्वांना खुली आहेत. ग्राहकांची संमती घेऊन त्यांचे दूरध्वनी क्रमांक व ई-मेल वेगळ्या वहीत वा संगणकात नोंदवावेत. प्रत्येक पुडक्यात आपले नाव व पत्ता असलेली चिठ्ठी घालावी. गाळा बदलला, तरी जुने गिऱ्हाईक तेवढ्या चिठ्ठीवर नव्या जागी शोधत येते.