नर्मदापारचे महिने

कोणत्या महिन्यात किती परकीय देशात आले आणि देशातील किती लोक परदेशी गेले, याची गणती आज सरकारी दप्तरांत काटेकोरपणे ठेवली जाते. परंतु अशी गणती ठेवणारे खाते जन्माला येण्यापूर्वीही माणसांच्या येण्याजाण्याला महिन्यांची एक शिस्त होती, आणि ती कोणा हाकिमाच्या हुकुमाने नव्हे, तर पाऊस आणि नदी यांच्या सत्तेने चालत असे. तिचा माग काढण्यास धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या परिसराइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही. आज तेथे कारखान्यांची दाटी आहे. परंतु शेजारी महूची छावणी, पश्चिमेस धार, इंदूर ओलांडले की देवास, आणि दक्षिणेस विंध्याचा घाट उतरून गेले की नर्मदा, अशा मोक्याच्या ठिकाणी हे गाव वसलेले आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांत नर्मदेच्या उत्तरेकडील मुलखास 'हिंदुस्थान' म्हणत. अमका हिंदुस्थानात गेला, याचा अर्थ तो नर्मदा ओलांडून परमुलखात गेला. तिकडची बोली निराळी, नाणे निराळे, आणि वाटेवरील चौकीपहाऱ्यांतून सुटण्यास दस्तक किंवा राहदारीचा परवाना जवळ असावा लागे. म्हणून नर्मदापार जाणे हा त्या काळच्या माणसाच्या लेखी परदेशप्रवासच होता, असे मी समजतो.

या प्रवासाचा आरंभ दसऱ्याला होई. पाऊस ओसरलेला, नद्यांना उतार पडलेला, घोड्यांना ओले गवत मिळू लागलेले आणि माळव्याची काळी जमीन तोफांचे गाडे पेलण्याइतकी वाळू लागलेली, अशा वेळी सीमोल्लंघन करून फौजा निघत. आणि त्यांतील पुष्कळसे शिलेदार मूळचे शेतकरीच असल्यामुळे मृगाच्या आत घर गाठण्याची ओढ त्यांना असे. ज्यांना परतणे शक्य नसे ते परमुलखातच पावसाळा काढीत. त्यास 'छावणी करणे' म्हणत. छावणे म्हणजे शाकारणे, आणि पावसापासून निवारा म्हणून गवताने शाकारलेल्या झोपड्यांची वस्ती ती छावणी. १८१८ साली मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांनी महूस कायमचे लष्करी ठाणे केले, तेव्हा चार महिन्यांच्या मुक्कामाचा हा शब्द बारमाही वस्तीला चिकटला.

चिमाजी अप्पांनी धारजवळच्या अमझेऱ्यास माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादुर याचा पराभव केला तो दिवस २९ नोव्हेंबर १७२८ चा. दिवाळी सरली होती. या स्वाऱ्यांतून जे आले त्यांपैकी पवारांची घराणी परतली नाहीत. धारेस एक शाखा राहिली, आणि देवासला तुकोजी व जिवाजी या दोघा भावांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदू लागल्या. बाजीराव मात्र परतण्याच्या महिन्यातच गेले: २८ एप्रिल १७४०, वैशाखातील त्रयोदशी, नर्मदेच्या काठी रावेरखेडीस. वीस वर्षांनी भाऊसाहेबांची फौज दक्षिणेतून निघाली ती मार्चमध्ये, म्हणजे जेव्हा माघारी फिरावयाचे तेव्हा. बरोबर तीर्थयात्रेस निघालेल्या बायामाणसांचा मोठा समुदाय. पुढे यमुनेला पूर आला, दुआबात उतरण्याची वाट बंद झाली आणि मोलाचे महिने हातचे गेले. पानिपताच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. तीत पंचांगाला याहून वरचे स्थान द्यावयास हवे, असे माझे मत आहे.

ऋतूचा हा अंमल केवळ दक्षिणी माणसावरच होता असे नाही. जहांगीर बादशहा १६१७ च्या मार्चमध्ये मांडवगडास आला, आणि त्याच्या दरबारातील इंग्रज वकील सर टॉमस रो हाही मागोमाग गडावर राहिला. पाऊस पडेपर्यंत पाण्याच्या दुर्भिक्षाने रो हैराण झाला होता. उलट बादशहाने मांडवाच्या पावसाळी शोभेची मुक्तकंठाने स्तुती लिहून ठेवली आहे. दोघांनीही गड सोडला तो ऑक्टोबरात, वाटा सुकल्यावर.

१८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे बायजाबाई शिंद्यांच्या नियोजित यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. महूच्या अलीकडील मुक्कामीच शिपायांच्या तोंडून येऊ घातलेल्या बंडाची वार्ता त्यांना कळली. तरीही गृहस्थ मागे फिरले नाहीत, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी आले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला 'माझा प्रवास' हा त्याच वाटचालीचा वृत्तांत. भुकेल्या, भेदरलेल्या पांथस्थाच्या पायाखालून हा मुलूख कसा दिसे, हे मला तरी कोणत्याही बखरीपेक्षा या ग्रंथाने अधिक शिकविले.

पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खंडव्याहून इंदुरापर्यंत आगगाडी आणविली, नर्मदेवर पूल झाला, आणि नदीची सत्ता संपली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून राहिला तो ऐन पावसाळ्यातच, आणि त्यामुळेच वाड्यातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याला पाहावयास मिळाला. 'अ पॅसेज टू इंडिया'चा अखेरचा भाग त्या उत्सवावर उभा आहे.

पीथमपूरकडे माणसांचा ओघ वळला तो १९८० नंतरच्या दशकात. बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा यांच्या कारखान्यांमुळे पुणे-नगरचे संबंध येथे जडले. होंडा आणि आयशरच्या भागीदार मित्सुबिशी या कंपन्यांमुळे जपानचे नावही या मातीत रुजले. दसरा पाहून फौजेबरोबर येणाऱ्या पवारांच्या काळापासून, कारखान्याच्या पाळीप्रमाणे कोणत्याही महिन्यात येणाऱ्या कारागिरापर्यंतचा हा पालट अडीच शतकांचा आहे. मांडवगडावर तर आता गर्दी होते ती श्रावणात, ज्या महिन्यात पूर्वी वाटसरू जेथल्या तेथे थांबत.

आणि इंदुरातून थेट परदेशी जाणारे पहिले विमान दुबईकडे झेपावले ते १५ जुलै २०१९ रोजी, आषाढ शुद्ध चतुर्दशीला, चातुर्मास लागून तीनच दिवस झाले असता.