पिक्चर कसा आहे?

पहूरला पिक्चर बघायचा म्हणजे आधी रस्ता धरायचा. जामनेर तालुक्यातलं हे गाव जळगाव-संभाजीनगर रस्त्यावर आहे. एका बाजूला साधारण ४० किलोमीटरवर जळगाव, दुसऱ्या बाजूला अजिंठ्याचा डोंगर. पाचोरा-जामनेर ही झुकझुक करणारी अरुंद रुळांची गाडीसुद्धा १९१८-१९ पासून इथूनच जायची. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. अशा नाक्यावरच्या गावात पिक्चरच्या आधी पिक्चरबद्दलचं मत येऊन पोचतं. जळगावला बाजार समितीच्या, दवाखान्याच्या किंवा कॉलेजच्या कामाला गेलेला माणूस राजकमल नाहीतर अशोक टॉकीजला दुपारचा खेळ बघायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर त्याला पहिला प्रश्न असायचा, ‘कसा आहे?’

त्या प्रश्नात पैशाचा हिशोब होता. तिकीट, एसटीचं भाडं, वर नाश्ता आणि दिवसाची खोटी, एवढं सगळं त्या एका उत्तरावर ठरायचं. म्हणून खान्देशातल्या खेड्यापाड्यांत पिक्चरबद्दलचं मत म्हणजे कधीच नुसत्या करमणुकीच्या गप्पा नव्हत्या. सांगणाराही ते जपून सांगायचा. मारामारी किती, गाणी कशी, बायकापोरांना घेऊन जाण्यासारखा आहे का, मध्यंतरानंतर ढिला पडतो का, हे सगळं त्यात यायचं. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात बायकापोरांचा मुद्दा क्वचितच सापडतो, आणि गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच होता.

या चालीची मुळं तंबूत आहेत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यानंतर मोठ्या शहरांत पक्की थिएटरं उभी राहिली, पण खेड्यापर्यंत सिनेमा पोचला तो फिरता. दिवाळीनंतर कापसाचा पैसा हातात आला की खान्देशात यात्रांचा हंगाम सुरू होतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा, मुक्ताईनगरला महाशिवरात्रीची, आणि वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची. महाराष्ट्रभरच्या यात्रांत तमाशाच्या फडांशेजारी टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. ट्रकमधून तंबू, प्रोजेक्टर, जनरेटर आणि रिळांच्या पेट्या यायच्या. दिवसा तंबूत अंधार होत नाही, म्हणून खेळ सूर्य मावळल्यावरच. तोवर कर्ण्यावरून गाणी आणि पुकारा चालायचा. आत जमिनीवर बैठक असायची, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला गडी.

बहुतेक तंबूंत प्रोजेक्टर एकच असायचा, म्हणून रीळ संपलं की खेळ थांबायचा. दुसरं रीळ चढेपर्यंतच्या त्या दोन-चार मिनिटांत अख्खा तंबू मोठ्याने मत द्यायचा. नायकाने असं करायला नको होतं, सासू फारच वाईट दाखवली, ते गाणं परत लावा. मागे मशीनजवळ उभा असलेला मालक हे सगळं ऐकायचा. यात्रा चार-पाच दिवसांची, पेटीत पिक्चर मोजके. उद्या तोच खेळ ठेवायचा की पेटी बदलायची, हे त्याला त्याच रात्री ठरवावं लागायचं. प्रेक्षकाचं मत व्यवसायाच्या इतक्या जवळ नंतर कधी आलं नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच फिरत्या सिनेमावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ च्या कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. रिळाचं मशीन जाऊन डिजिटल यंत्र येताना एका मालकाची होणारी तगमग त्यात दिसते. ज्यांनी तंबूतला सिनेमा पाहिलाय त्यांनी तो जरूर पाहावा.

फार लोकांच्या ध्यानात येत नाही, पण मध्य भारतातल्या सिनेमाच्या धंद्याचं एक मोठं ठाणं याच जळगाव जिल्ह्यात आहे. मध्य भारत आणि विदर्भापासून राजस्थानापर्यंतच्या वितरकांची आणि थिएटरमालकांची ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’ ही संघटना भुसावळची. मुंबईहून नागपूर-कलकत्त्याकडे आणि इटारसीमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या भुसावळ जंक्शनवरून जातात. रिळांच्या जड पेट्या रेल्वेने फिरत होत्या त्या काळात याहून सोयीची जागा सापडली नसती.

१९७५ हे साल तोंडी मताची ताकद दाखवणारं ठरलं. मे महिन्यात ‘जय संतोषी माँ’ लागला. मोठे नट नाहीत, खर्च नाही, तरी बायकांनी एकमेकींना सांगून सांगून तो देशभर चालवला. पडद्यापुढे चपला काढल्या गेल्या, नाणी उधळली गेली. ऑगस्टमध्ये ‘शोले’ आला. धंद्यातल्या जाणत्यांनी सुरुवातीला तो पडला असंच धरलं होतं. प्रेक्षक बाहेर पडून संवाद म्हणू लागले, आणि मग तो मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षं उतरला नाही. मराठीत हीच कमाल १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ने केली. विजय कोंडके यांच्या या पिक्चरला गावोगावच्या बायका गाड्या करून जायच्या, आणि ‘रडायला येतं’ ही तक्रार नसून शिफारस असायची.

दरम्यान सिनेमा घरात शिरला होता. १९८४ मध्ये दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रं देशभर भराभर उभी राहिली. शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झालं आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यावर गल्ली जमू लागली. लग्नात, गणपतीत व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर लावायचे. इथे तिकीट नव्हतं, त्यामुळे मत सैल झालं. आवडला नाही तर झोपायचं, सकाळी शेवट कोणाला तरी विचारायचा.

व्हिडिओच्या याच दिवसांतून मालेगावचा सिनेमा घडला. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी खान्देशाला लागून आहे. तिथे नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. यंत्रमागावर आठवडाभर राबलेले कामगार शुक्रवारी सुट्टीला पिक्चर बघायचे. त्यांना काय हसवतं आणि कुठे ते कंटाळतात हे नासिर रोज डोळ्यांनी पाहत होते. त्या अनुभवावर त्यांनी सुमारे ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ उभा केला. प्रेक्षकाची मतं ऐकणारा माणूस दिग्दर्शक झाला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण भारतीय सिनेमात दुसरं शोधावं लागेल.

आपल्या माणसांबद्दल बोलताना मात्र खान्देशी प्रेक्षक वेगळा होतो. स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. कवी ना. धों. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे पहूरपासून डोंगराच्या अंगाला गेलं की लागणाऱ्या गावचे, आणि त्यांची शाळा शेंदुर्णीची. १९७७ च्या ‘जैत रे जैत’मध्ये स्मिता पाटील आणि महानोर एकत्र आले. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतले ठाकर कर्नाळ्याकडचे, पण गाणी लिहिणारा हात कोरडवाहू शेतात राबलेला. आजही इकडे त्या पिक्चरचं नाव निघालं की आधी गाण्यांबद्दल बोललं जातं, कथेबद्दल नंतर. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी महानोरांच्या दीर्घकवितेवरून ‘अजिंठा’ केला. लेण्यांची चित्रं उतरवायला आलेला रॉबर्ट गिल आणि पारो यांची ती गोष्ट. पारोची कबर अजिंठा गावात, गिलची भुसावळला, आणि मधला रस्ता पहूरवरून जातो. देखणेपणात हा पिक्चर कुठे कमी पडत नाही, पण लेण्यांखालून वाहणारी वाघूर ज्यांनी पावसाळ्यात पाहिली आहे, त्यांना पडद्यावरचा डोंगर फार सजवलेला वाटणं स्वाभाविक आहे.

आता पिक्चर खिशातल्या फोनवर असतो, आणि त्यावरचं मत स्टेटसवर. तरी जुनी रीत अजून जिवंत आहे. ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ लागला तेव्हा महाराष्ट्रभर बायकांचे घोळके थिएटरला गेले, मैत्रिणींनी मैत्रिणींना ओढून नेलं. ‘माहेरची साडी’नंतर ३२ वर्षांनी त्याच तोंडी शिफारशीने पुन्हा थिएटर भरलं. मोठ्या जाहिरातींच्या काळात ही फार मोलाची गोष्ट आहे.

नासिर शेख यांच्यावरचा रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ टोरंटोच्या महोत्सवातून फिरून २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरांत आला. तिथे गर्दी झाली नाही. नंतर तो प्राइम व्हिडिओवर आला आणि घरोघरी पाहता येऊ लागला. तो पूर्ण पाहण्यासारखा आहे. आदर्श गौरवचा नासिर उतावळा आणि खरा वाटतो. नासिरच्या पिक्चरात सुपरमॅन झालेल्या शफीक या यंत्रमाग कामगाराचं काम शशांक अरोराने असं केलंय की शेवटच्या अर्ध्या तासात डोळे भरून येतात. पोरांनी गावच्या लोकांसाठी पिक्चर केला, आणि गावच्या लोकांनी तो पाहून तिथल्या तिथे मत दिलं, हा भाग कागतींनी नीट ओळखला आहे.