पेंटरची अक्षरे आणि संगणकाचा फॉन्ट

दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात किंवा मालट्रकचा मागील फळका यांवर पेंटरने ब्रशने काढलेल्या अक्षरांचे वळण घेऊन शीर्षकांसाठी जे फॉन्ट तयार केले जातात, त्यांना हस्तरंगित फॉन्ट म्हणता येईल. जळगाव-धुळे भागाला हे वळण परके नाही. बियाणे आणि खतांच्या जाहिरातींनी रंगलेल्या भिंती येथील रस्त्यांवर वर्षानुवर्षे दिसत आल्या. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स स्वस्त झाला आणि पाटी रंगवून घेण्याचे प्रमाण झपाट्याने घटले.

या अक्षरांचे मर्म चपट्या ब्रशात आहे. तो तिरका धरला की एका दिशेचा फटकारा जाड उमटतो, दुसऱ्या दिशेचा बारीक. देवनागरीचा हा कोन रोमन लिपीच्या रूढ कोनाच्या उलट असतो. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी तयार केलेल्या ‘यात्रा वन’ या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांनाही देवनागरीचाच कोन दिलेला आहे. एरवी देवनागरीला रोमनच्या मागे फरफटावे लागते, हे लक्षात घेता ही गोष्ट विशेष म्हटली पाहिजे. हा फॉन्ट युनिकोड असून गूगलच्या संग्रहात विनामूल्य मिळतो. हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांच्या ‘हँडपेंटेड टाइप’ प्रकल्पात रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरे रंगवून घेऊन त्यांचे फॉन्ट करण्यात आले आणि त्यांना पेंटरांचीच नावे देण्यात आली.

नाटकाची जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ, खाणावळीची पाटी, मसाल्याचे पाकीट ही या फॉन्टची जागा. सलग मजकुरात तो वाचवत नाही. खडबडीत कडांच्या फॉन्टमध्ये आणखी एक अडचण येते. ‘नंदुरबार’ लिहिताना पेंटरचे दोन ‘र’ कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत. फॉन्टमध्ये मात्र दोन्हींवर तोच ओरखडा, त्याच जागी दिसतो. फॉन्टमध्ये पर्यायी अक्षररूपे असतील तर ती वापरावीत, नसल्यास एक अक्षर हाताने बदलून घ्यावे. नाव लांब असेल तर पेंटर अक्षरेच अरुंद काढतो. संगणकावर शब्द आडवा दाबला की उभ्या रेघा बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’, तसेच ‘तऱ्हा’मधील ‘ऱ्ह’ नीट उमटतात का, हेही आधी पाहावे. राज्यात २०२२ च्या दुरुस्तीनुसार दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असे बंधन आहे. आकाराची काळजी कायद्याने घेतली. वळणाची कोण घेणार?

खानदेशातील एखाद्या पेंटरच्या हाताचा फॉन्ट करावयाचा झाल्यास नुसती छायाचित्रे पुरत नाहीत. एका पाटीवर फार तर दहा-पंधरा अक्षरे सापडतात. मराठी फॉन्टला मुळाक्षरे, काना-मात्रा, अंक आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या लागतात. पाटीच्या कोपऱ्यात सही करणारा पेंटर हयात असेल आणि त्याचा हात चालत असेल, तोवरच त्या त्याच्याकडून रंगवून घेता येतात.