निदानापूर्वीचा आजार : गोचीडजन्य तापांच्या इतिहासात रुग्णाची साक्ष

प्रस्तावना :

बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूरसारख्या गावात गोचीड ही नवलाईची वस्तू नाही. बैलाच्या कानामागून, गाईच्या कासेजवळून, दारच्या कुत्र्याच्या अंगावरून ती ओढून काढणे हे घरोघरचे काम आहे. मात्र ताप जाऊन-येऊन राहतो, सांधे धरतात, थकवा सरत नाही, अशी तक्रार घेऊन रुग्ण मेहकर, बुलडाणा, अकोला असे दवाखाने फिरतो, तेव्हा गोचिडीचा उल्लेख तो सहसा करीत नाही. आणि पुष्कळदा त्याला तो विचारलाही जात नाही. प्रस्तुत लेखात या आजारांचे वैद्यकीय विवेचन अभिप्रेत नाही. आजाराला नाव मिळण्यापूर्वी रुग्णाने व गावाने काय पाहिले होते आणि त्या पाहण्याला पुरावा म्हणून केव्हा स्थान मिळाले, हा येथील प्रश्न आहे.

मराठीतील तापांची जुनी नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. हिवताप हे नाव थंडीवरून, मुदतीचा ताप हे कालावधीवरून, तर हाडमोड्या ताप हे वेदनेवरून पडले. ही सर्व नावे रुग्णाच्या अंगातील अनुभव सांगतात, कारण सांगत नाहीत. 'माकडताप' हे नाव मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते शरीराबाहेर, भोवतालच्या रानाकडे बोट दाखविते.

क्यासनूर ते दोडामार्ग :

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलालगतच्या गावांत तीव्र डोकेदुखी व अंगदुखीसह तापाची साथ आली. प्रारंभी विषमज्वराचा संशय घेतला गेला. गावकरी मात्र आणखी एक गोष्ट सांगत होते : जंगलात माकडे मरत आहेत. आजाराला त्यांनी माकडांवरूनच नाव दिले होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) या वार्तेची दखल घेतली. त्यामागे एक धास्तीही होती. माकडे मरणे आणि माणसे तापाने आजारी पडणे हे आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराचे लक्षण, आणि पीतज्वर आशियात कधी आलेला नव्हता. टेलफोर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो प्रभृतींच्या संशोधनातून निघाला तो वेगळाच विषाणू, रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा. त्याचा मुख्य वाहक 'हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा' ही गोचीड ठरली. माणसाला चावते ती बहुधा तिची अप्रौढ अवस्था, इतकी बारीक की चावा लक्षातही येऊ नये. म्हणजे 'गोचीड चावली का?' या प्रश्नाला रुग्णाने दिलेले नकारार्थी उत्तर प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते. मेलेले माकड मात्र सर्वांना दिसते.

या आजारात काही रुग्णांचा ताप उतरून एक-दोन आठवडे बरे जातात आणि मग तो मज्जासंस्थेच्या लक्षणांसह उलटतो. अशक्तपणाही दीर्घकाळ रेंगाळतो. मागील दुखण्याची हकीकत कोणी विचारली नाही, तर हे दोन स्वतंत्र आजार म्हणून नोंदले जाणे सहज शक्य आहे. महाराष्ट्रात या रोगाचा उद्रेक २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात नोंदला गेला. पुण्याच्या केंद्राने ज्याची ओळख पटविली, ते नाव महाराष्ट्रातील रुग्णांच्या कागदावर यावयास सुमारे सहा दशके जावी लागली.

लाइमचा दाखला :

दीर्घ, अस्पष्ट लक्षणांचा प्रश्न सर्वाधिक गाजला तो अमेरिकेत. कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावी राहणाऱ्या पॉली मरे यांनी स्वतःची व कुटुंबीयांची सांधेसूज, पुरळ, थकवा यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. डॉक्टरांकडून निदान मिळत नव्हते. आजार मनाचा असावा अशी शंकाही त्यांच्या वाट्याला आली. १९७५ मध्ये त्यांनी व आणखी एका मातेने आरोग्य खात्याला गावातील अनेक मुलांच्या सांधेदुखीची वार्ता कळविली. तेथून येल विद्यापीठातील ॲलन स्टीअर यांचे संशोधन सुरू झाले. विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीत सापडलेल्या जिवाणूचा शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गृहिणीची वही हे येथे प्राथमिक साधन ठरते.

तथापि या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. उपचारानंतरही लक्षणे टिकलेल्या रुग्णांना दीर्घकाळ प्रतिजैविके देऊन पाहण्यात आली. २००१ मध्ये क्लेम्पनर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत त्यांचा लाभ निर्जीव औषधापेक्षा अधिक आढळला नाही. रुग्णाची वेदना खरी असते. तिचे रुग्णाला पटलेले कारण खरे असेलच असे नाही. साक्ष ग्राह्य मानणे आणि निष्कर्ष तपासणे ही दोन कामे आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद नवा नाही.

वऱ्हाडाकडे वळता :

भारतात गोचिडीमुळे टायफससदृश ताप येत असावा, हे जॉन मेगॉ यांनी १९२१ मध्येच मांडले होते. तरीही खेड्यातील रेंगाळलेला ताप बहुधा विडाल चाचणीच्या आधारे 'टायफॉइड' ठरत राहिला. १९१६ पासून ज्ञात असलेली वाइल-फेलिक्स चाचणी स्वस्त आहे; परंतु ती अप्रत्यक्ष असून पहिल्या आठवड्यात अनेकदा नकारार्थी येते. येथे नावाचा प्रश्न केवळ शब्दाचा राहत नाही. रिकेट्सियाजन्य ताप असेल तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने तो आटोक्यात येतो आणि उशीर झाल्यास जिवावर बेतू शकतो. क्यासनूर रोगाच्या विषाणूवर त्याच औषधाचा उपयोग नाही.

शेजारच्या अकोल्यातील बालरोगतज्ज्ञ डॉ. राठी यांनी गुडमन व अघाई यांच्यासमवेत २०११ मध्ये मुलांमधील ठिपक्यांच्या तापाच्या लवकर निदानासाठी गुणांकन पद्धती मांडली. एकूण गुण ३५, निदानाकडे झुकविणारी मर्यादा १४. त्यात तळहात-तळपायांवरील पुरळाला व प्रयोगशाळेतील निष्कर्षांना गुण आहेतच. पण ग्रामीण वास्तव्य, पाळीव प्राण्यांशी संपर्क, गोचिडीशी संपर्क आणि गोचिडीचा चावा यांनाही आहेत. क्यासनूरच्या गावकऱ्यांनी आपण होऊन जे सांगितले, ते येथे प्रश्नाच्या रूपाने कागदावर आले. सुलतानपूरच्या एखाद्या जुन्या केसपेपरवर हे प्रश्न विचारल्याची खूण नसेल आणि निदानाच्या जागी केवळ 'ताप' एवढाच शब्द असेल, तर त्या कागदावरून पूर्वी येथे गोचीडताप नव्हता असे म्हणता येणार नाही. होता असेही म्हणता येणार नाही.