नीरेची परीक्षा

वेंगुर्ल्याच्या बंदरावरून बेळगांवीं जाणारा रस्ता आंबोलीचा घाट चढतो. माथ्याची उंची सुमारें ६९० मीटर. किनाऱ्यावरच्या माडांच्या बागा खालीं राहतात, आणि बैलगाडीच्या काळांत पहाटे उतरलेली नीरा नीरा म्हणून या माथ्यावर पोंचणें शक्यच नव्हतें. वाटेंतच तिची माडी होई.

युरोपांत मद्यार्क काढून घेतलेली पांढरी वाइन मिळते. जर्मनींत कार्ल युंग यांनीं १९०८ सालीं तिच्या कृतीचें पेटंट घेतलें. हवेचा दाब कमी केला म्हणजे थोड्याच उष्णतेनें मद्यार्क उडून जातो. परंतु त्याबरोबर सुगंध व अंगही कांहींसें जातें, अशी जाणकारांची तक्रार असते. आमच्याकडील प्रश्न याच्या उलट. येथें मद्य काढावयाचें नसून होऊंच द्यावयाचें नसतें.

माडाची पोय बांधून, हलकेंच ठोकून, तिच्या टोंकाला रोज पातळ काप दिला म्हणजे रस ठिबकतो. भंडारी मडक्याला आंतून चुना फांसतो. त्यायोगें आंबविणाऱ्या जंतूंचें बळ खुंटतें. अमेरिकेंत टॉमस वेल्च यांनीं १८६९ सालीं द्राक्षरस प्रभुभोजनासाठीं न आंबतां टिकविला तो उष्णतेच्या साह्यानें. त्यांच्यापुढें पाश्चरचें संशोधन होतें. भंडाऱ्यापुढें मडकें होतें.

आतां परीक्षा. ताजी नीरा किंचित् धुरकट असते. ती दुधासारखी पांढरी झाली व वर फेस जमला, म्हणजे वेळ टळली. वास झोंबतां कामा नये. गोडी शेंकडा बारा ते पंधरा भाग साखरेची, पण चिकट नव्हे. घोटाच्या शेवटीं जीभ चुरचुरली तर चुना अधिक झाला. माझ्या मतें हा दोष आंबटपणाहून वाईट; आंबटपणाला निदान स्वतःची कांहीं चव तरी असते!

हीच परीक्षा पुढें कायद्याला करावी लागली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें मालवण-वेंगुर्ल्याकडील भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा परवान्याच्या व झाडपट्टीच्या कचाट्यांत सांपडला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें नीरेला माडीहून निराळें नांव दिलें खरें. पण एकाच मडक्यांतला रस सकाळीं निर्दोष आणि दुपारीं गुन्हा, हें कोणत्या घटकेला घडलें, तें कसें ठरवावें? ज्याचें पोट त्या मडक्यावर, त्याला ही शंका केवळ तात्त्विक नव्हे.

गेल्या हिवाळ्यांत मीं नीरेच्या दोन बाटल्या मोटारींतून आंबोलीस नेल्या. एक बर्फांत, एक तशीच. माथ्यावर, धुक्यांत, पहिली उघडली: गार, गोड, पोयीचा मंद वास. दुसरीचें बूच सैल करतांच ती सुस्कारली. चालकानें तिच्याकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आपला पेला पुढें केला.