पाणी पिणारी बॅटरी

दिल्लीत ई-रिक्षा दिसू लागल्या त्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास. ३१ जुलै २०१४ रोजी उच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, ऑक्टोबरमध्ये केंद्राने नियम काढले आणि २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यातच दुरुस्ती झाली. मी इथे रसायनशास्त्र शिकवते. मला या हकिकतीपेक्षा सीटखालच्या बॅटरीचा इतिहास मोलाचा वाटतो, कारण ती रात्रभर चार्ज होते आणि पुष्कळदा तिच्या शेजारीच माणसं झोपलेली असतात.

यमुनापार आमच्या गल्लीत अशा चार्जिंगची एक पत्र्याची शेड आहे. रिक्षात १२ व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या. पहाटे शेडवाला एकेक बूच फिरवून काढतो आणि आत टॉर्च मारतो. प्लेटांवर बारीक बुडबुडे उसळत असतात, तेजाबाचा झणका नाकात जातो. प्लेट उघडी दिसली की तो डिस्टिल्ड वॉटर ओततो. ‘पानी बहुत पीती है,’ म्हणतो.

ती पाणी पिते म्हणूनच इतकी वर्षं निभावलं. शिशाच्या सेलवर २.४ व्होल्टच्या पुढे दाब गेला की जादा वीज पाणी फोडण्यात खर्च होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगी पुरते, म्हणून शेड उघडी हवी. पण जास्त चार्जिंगचा बोजा पाणी अंगावर घेतं, आणि ते दिसतं, ऐकू येतं, वासावरून कळतं. बंद डब्यातल्या निकेल-कॅडमियम सेलमध्येही जास्त चार्जिंगवर १९४७ मध्ये गेऑर्ग नॉयमन यांनी तोड काढली होती. एका पट्टीवर (इलेक्ट्रोडवर) सुटलेला ऑक्सिजन दुसरी पट्टी शोषून घेई.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला तेव्हा हा आधार गेला. आतला द्रव पाण्याचा नव्हता, पेट घेणारा सेंद्रिय द्रव होता. सेल भरल्यावरही वीज येतच राहिली तर ग्राफाइटवर लिथियम धातू साचतो, दुसरी पट्टी ढासळू लागते, उष्णता वाढते. बाहेरून काही कळत नाही.

मग रसायनज्ञांनी त्या द्रवातच राखणदार मिसळले. बायफेनिल हा त्यातला एक. व्होल्टेज हद्दीपलीकडे गेलं की तो पट्टीवर थर धरतो आणि वायू सोडतो. त्या वायूच्या दाबाने सेलमधली कळ तुटते. सेल कायमचा बाद, पण आग टळते. दुसरी जात मला जास्त आवडते. तिचा रेणू एका पट्टीवर इलेक्ट्रॉन देतो, पोहत जाऊन दुसरीवर घेतो आणि पुन्हा परततो. जादा वीज अशी येरझाऱ्यांत जिरते आणि सेल शाबूत राहतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डाह्न यांच्या गटाने असा एक रेणू शोधला, तो ३.९ व्होल्टच्या आसपास जागा होतो, म्हणून लोह-फॉस्फेटच्या लिथियम सेलला चपखल बसतो. ४.२ व्होल्टपर्यंत भरणाऱ्या सेलला तो चालत नाही, कारण सेल भरण्याआधीच वीज खाऊ लागतो. शिवाय जिरवलेल्या विजेची उष्णता होतेच, त्यामुळे जोराच्या चार्जिंगपुढे त्याचंही बळ अपुरं पडतं.

२०२२ च्या वसंतात देशात ई-स्कूटर पेटल्या, तेव्हा तपासाचं काम दिल्लीतल्याच तिमारपूरच्या डीआरडीओच्या अग्निसुरक्षा प्रयोगशाळेकडे आलं. त्यानंतर ई-वाहनांच्या बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. त्याचा भर बाहेरच्या राखणीवर आहे, म्हणजे बीएमएसचं (बॅटरी व्यवस्थापनाचं) सर्किट, फ्यूज आणि चार्जर. ते हवंच. पण सर्किटची तार कुणीही काढू शकतो, द्रवातला रेणू कुणाला काढता येत नाही. माझ्या मते स्वस्त पॅकमध्ये दोन्ही असायला हवेत.

तोवर एक विनंती. शिशाचा जुना चार्जर लिथियमला लावू नका. चार बॅटऱ्यांचे २४ सेल, प्रत्येकी २.४ व्होल्ट, म्हणजे तो ५७.६ पर्यंत रेटतो. निकेलवाल्या लिथियम-आयनच्या १३ सेलांच्या पॅकची हद्द ५४.६ व्होल्टला संपते.