नाशिकरोडचे बाँड, कुलाब्याचा फ्लॅट आणि खाकी वर्दी

मंडळी, परवा 'ट्रिपल नाइन' नावाचा इंग्रजी सिनेमा पाहिला. अटलांटा शहरातले काही पोलीसच तोंडावर मास्क चढवून बँक लुटतात, आणि पुढचा मोठा दरोडा पार पडावा म्हणून वर्दीतल्याच एका सहकाऱ्याला मारायचा बेत करतात. सिनेमा फेब्रुवारी २०१६ चा. गंमत बघा, त्याच्या पुढच्याच महिन्यात आपल्याकडे वारणानगरच्या एका खोलीतल्या बेहिशेबी रोकडीचा तपास सांगली पोलिसांकडे आला. तपासाला गेलेल्यांनीच त्यातले ९ कोटींवर रुपये लाटले, असा गुन्हा २०१७ ला कोडोली ठाण्यात दाखल झाला. मास्क नाही, गोळीबार नाही. पंचनाम्यात आकडा किती लिहायचा, एवढाच प्रश्न.

पण याहून मोठी गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे.

नाशिकरोडची सिक्युरिटी प्रेस. पोस्टाची तिकिटं, कोर्टाचे स्टॅम्प, आपण ज्याला बाँड म्हणतो तो मुद्रांक, सगळं तिथं छापलं जायचं आणि रेल्वेनं राज्याराज्यांत जायचं. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीनं १९९४ ला मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. पुढे याच प्रेसमधली भंगारात निघालेली मशिनरी त्याच्या हाती लागली आणि तो स्वतःच बाँड छापू लागला. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल त्याचे गिऱ्हाईक! एवढा धंदा पोलिसांच्या नजरेआड चालतो, यावर चांदवडच्या बाजारातला कांदा व्यापारीसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला. खरी कमाल त्यानंतरची. जानेवारी २००३ मध्ये सुबोध जयस्वाल यांच्या पथकाला तो सापडला कुठं, तर कुलाब्यातल्या फ्लॅटवर, पोलिसांच्याच संगतीत मजेत. कागदावर मात्र तो कोठडीत! अण्णा हजारे हायकोर्टात गेले, एसआयटी बसली, पोलीस अधिकाऱ्यांची धरपकड सुरू झाली. मुंबईचे पोलीस आयुक्त ३० नोव्हेंबरला निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी अटकेत गेले. पुढे ते कोर्टातून सुटले, हेही सांगितलं पाहिजे. २००४ मध्ये तपास सीबीआयकडे गेला.

मी तेव्हा नाशिकला पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. सुट्टीत गावी आलो की तहसीलबाहेर स्टॅम्पव्हेंडरकडं म्हातारी माणसं बाँड उन्हाकडं धरून बघताना दिसायची. एकच विचारणा, "भाऊ, आमचं खरेदीखत रद्द तर नाही ना होणार?" दोन एकर जमिनीचा तो एकुलता पुरावा. झोप उडणारच की.

तेलगीला शिक्षा झाल्या. पुण्याच्या कोर्टानं २००७ मध्ये १३ वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड ठोठावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो बंगळुरूत मेला. २०२३ ला त्याच्यावर वेब सिरीज आली, ती बहुतेकांनी पाहिलीय.

एक खटला मात्र नाशिकच्या कोर्टात चालूच होता, आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झालीच नाही. आरोप असा, की प्रेसमधून निघालेले खरे स्टॅम्प रेल्वेतूनच चोरले गेले, आणि त्यात राखणीला असलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसांची साथ होती. नाशिकरोडहून उत्तरेकडची गाडी म्हणजे आपल्या निफाड, लासलगाव, मनमाडवरून जाणारी. ३१ डिसेंबर २०१८ ला निकाल लागला. पुरावा नाही म्हणून सुरक्षा दलाच्या माणसांसह सगळे निर्दोष. तेलगीसुद्धा, मेल्यावर वर्षभरानं.

त्या दिवशी सगळे थर्टी फर्स्टच्या गडबडीत होते. बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपली, आणि ते स्टॅम्प नेले कुणी, हे कुणी विचारलं नाही.